लाकडाचं भांडं काहून तडकते?

मागच्या मे महिन्यातली गोष्ट. दुपारचे दोन वाजलेले, रस्त्यावर कुत्रंही नाही, आणि शेजारच्या मावशी पदराखाली काहीतरी झाकून आमच्या अंगणात. मला वाटलं आंबे असतील. पदर बाजूला केला तर लाकडी वाडगं निघालं. दिवाळीच्या आधी त्यांच्या मुलीने शहरातल्या एका प्रदर्शनातून बाराशे रुपयांना आणलेलं. तळापासून काठापर्यंत उभी चीर, नख आत जाईल एवढी.

"भाऊ, हे काहून तडकलं? मी त याच्यात पाणीबी नाही टाकलं. फसवलं का आमाले?"

हाच प्रश्न अलीकडे मला बरेच जण विचारतात. कारण मोबाइल. लेथवर फिरणारं ओबडधोबड लाकूड, त्यातून निघणाऱ्या रिबिनीसारख्या लांब ढलप्या आणि मिनिटभरात तयार झालेलं चकचकीत भांडं, अशा रील्स घरोघरी पाहिल्या जातात. त्या मिनिटात दोन गोष्टी दिसत नाहीत. एक म्हणजे मधे गेलेले सहा महिने. दुसरी म्हणजे बनवणाऱ्याने केलेल्या चुका.

मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल तालुक्यात धानाची शेती करतो. गोठ्याला लागून टिनाचं शेड आहे, त्यात एक लेथ. पोळपाट-लाटणी, पाळण्याचे खांब, तान्ह्या पोळ्याच्या लाकडी बैलांची चाकं हे आमचं नेहमीचं काम. पोकळ भांडी मी सात-आठ वर्षांपासून करतो. त्यातली पहिली दोन वर्षं भांडी कमी झाली आणि जळतन जास्त. त्या जळतनातून जे कळलं तेच इथे सांगतो.

आडवं केलेलं कुंभाराचं चाक

लेथ हे यंत्र समजायला अवघड नाही. कुंभाराचं चाक आडवं करून ठेवा, म्हणजे त्याचा आस जमिनीला समांतर होईल, त्यावर मातीऐवजी लाकडाचा ठोकळा घट्ट बसवा आणि मोटर लावा. ठोकळा जागेवर गरगर फिरतो. समोर एक लोखंडी टेकू असतो, त्यावर पटाशी टेकवून धार लाकडाला लावली की लाकूड स्वतःच सोलून निघतं. ठोकळा ज्या जबड्यात धरला जातो त्याला चक म्हणतात. एवढे शब्द पुरेत.

हे काम करणाऱ्याला मराठीत कातारी म्हणत, आपल्या भागात हिंदीच्या शेजारामुळे खरादी. मोटरच्या आधी एक जण दोरी ओढून लाकूड फिरवी आणि दुसरा पटाशी धरी. ते कातारी फारसे उरले नाहीत. त्यांचा 'कातीव' हा शब्द मात्र आपण अजून सुंदर चेहऱ्यासाठी वापरतो.

कुंभारात आणि कातार्‍यात एक मोठा फरक आहे. कुंभाराचा हात चुकला तर तो मातीचा गोळा परत लावतो, नाहीतर सगळं मोडून पुन्हा चाकावर ठेवतो. लाकडात फक्त काढता येतं, घालता येत नाही. एकदा भिंत पातळ झाली की झाली.

आणि पोकळ लाकूड आपल्याला परकं नाही. पेरणीच्या तिफणीवरचं चाडं हे लाकडाचंच भांडं, तळाला मुद्दाम भोकं पाडलेलं. धान मोजायचा जुना कुडव लाकडाचा. दंडारीत, म्हणजे आमच्याकडच्या लोकनाट्यात, वाजते त्या ढोलकीचं खोड म्हणजे दोन्ही बाजूंनी उघडं पोकळ लाकूड. ते मात्र वर्षानुवर्षं टिकतं, प्रदर्शनातल्या वाडग्यासारखं सहा महिन्यांत तडकत नाही. असं का, ते पुढे येतं.

लाकूड म्हणजे तुराट्यांची पेंडी

तूर कापल्यावर तुराट्यांची घट्ट बांधलेली पेंडी डोळ्यांसमोर आणा. लाकूड आतून जवळपास तसंच असतं. जमिनीतलं पाणी वर नेणाऱ्या बारीक नळ्या एकमेकींना चिकटून उभ्या. पेंडीच्या लांबीवर कुऱ्हाड घातली की ती सहज फाटते, आडवी तोडायला मात्र घाम निघतो. लाकडाची भेगही म्हणूनच नळ्यांच्या लांबीने जाते.

भांडं करताना ही पेंडी दोन प्रकारे ठेवता येते. पहिल्यात ती आडवी. ओंडका मधून उभा फाडायचा आणि अर्ध्या भागातून वाडगं काढायचं. बहुतेक वाडगी, परातीसारखी भांडी अशीच होतात. त्यात समोरासमोरच्या दोन बाजूंना नळ्यांची उघडी तोंडं येतात, बाकीच्या दोन बाजूंना नळ्यांचं अंग. दुसऱ्या प्रकारात पेंडी उभी. फुलदाणी, पेला, अरुंद तोंडाचा गडू यांत नळ्या तळापासून तोंडाकडे जातात.

उभ्या प्रकारात तळ म्हणजे हजारो नळ्यांची तोंडं. बीजा या झाडाच्या लाकडाचे पेले जत्रेत मिळतात, विजयसार म्हणून. पाणी ओतलं की ते तपकिरी होतं आणि उन्हात धरलं तर निळसर झाक मारतं. तो पेला पाणी भरून कागदावर ठेवून बघा, बऱ्याचदा खाली ओला गोल उमटतो. पेला फुटलेला नसतो, तळातल्या नळ्यांतून पाणी झिरपतं. (त्या पाण्याने रक्तातली साखर उतरते का, हे डॉक्टरांना विचारा. खरादीला विचारू नका.)

माठातलं पाणी आणि माठाच्या अंगातलं पाणी

आता मुख्य गोष्ट. ताज्या तोडलेल्या झाडात पाणी भरपूर असतं आणि ते दोन ठिकाणी असतं. पाण्याने भरलेला माठ घ्या. त्यात एक पाणी पोटात असतं आणि एक पाणी मातीच्या अंगात मुरलेलं असतं. लाकडाच्या नळ्यांचंही तसंच. पोटातलं पाणी आधी निघून जातं, तेव्हा लाकूड फक्त हलकं होतं, आकार बदलत नाही. कोरड्या लाकडाच्या वजनाच्या साधारण 28 ते 30 टक्के एवढंच पाणी उरलं की पोट रिकामं झालेलं असतं. त्यानंतर नळ्यांच्या भिंतींतलं पाणी जायला लागतं आणि तिथून लाकूड आक्रसतं.

ते सगळीकडे सारखं आक्रसलं असतं तर काहीच अडलं नसतं, भांडं थोडं लहान झालं असतं एवढंच. पण नळीच्या लांबीत लाकूड जवळपास आक्रसतच नाही. खोडाच्या केंद्रापासून सालीकडे थोडं आक्रसतं आणि वाढीच्या वर्तुळांच्या कडेकडेने सगळ्यात जास्त. सागवानाचे आकडे घ्या. ओल्यापासून पूर्ण कोरडं होईपर्यंत केंद्र-ते-साल दिशेने सुमारे 2.5 टक्के, वर्तुळाच्या दिशेने सुमारे 5.8 टक्के. दुपटीहून जास्त. आणि सागवान तर शहाणं लाकूड. 2023 साली अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी बल्लारपूरहून सागवान गेलं, त्यामागे हाही गुण आहे की ते कमी हलतं. बाभूळ, आंबा यांचा भरवसा त्याहून कमी.

या दुपटीतूनच भेग जन्माला येते. अख्ख्या ओंडक्याची चकती उन्हात ठेवा. बाहेरचा घेर 5.8 टक्के आवळू पाहतो, पण आतलं अंतर 2.5 टक्केच कमी झालेलं. पोट तेवढंच आणि कमरपट्टा दोन भोकं जास्त ओढलेला. कुठेतरी पट्टा तुटणारच. म्हणून चकतीला बहुतेक वेळा केंद्रापासून सालीपर्यंत एक तरी भेग पडते.

ढोलकीचं खोड टिकतं त्याचं कारणही हेच. खोड कोरताना मधलं केंद्रच काढून टाकलेलं असतं. पट्टा आवळला तरी आत अडवणारं पोट नाही. शिवाय दोन्ही टोकं उघडी, म्हणून आतून-बाहेरून वाळणं बरोबरीने होतं.

मावशींचं वाडगं मी उलटं केलं. बुडाला, अगदी कडेशी, वर्तुळांच्या मधला तो ठिपका स्पष्ट दिसत होता. बनवणाऱ्याने ओंडका बरोबर मधून फाडला होता आणि केंद्र भांड्यातच ठेवलं होतं. दोन बोटं लाकूड वाया गेलं असतं, ते त्याने वाचवलं. शिवाय भिंत पेन्सिलीएवढी पातळ आणि तळ अंगठ्याएवढा जाड. पातळ भिंत आठवड्यात वाळली, तळ ओलाच राहिला. भिंत आवळायला लागली आणि तळ तिला जागा देईना. चीर पडली ती नळ्यांची तोंडं होती त्याच बाजूला, कारण पाणी तिथून सगळ्यात वेगाने पळतं.

त्यात आपला उन्हाळा. मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 च्या पुढे आणि दुपारी हवेतला ओलावा 20 टक्क्यांच्या खाली. अशा हवेत लाकूड चार-पाच टक्के पाण्यावर येतं. श्रावणात तेच लाकूड सोळा-सतरा टक्क्यांपर्यंत फुगतं. म्हणजे चांगलं वाळलेलं, वीस सेंटिमीटर रुंदीचं सागवानी वाडगंसुद्धा पोळा ते अक्षय्यतृतीया या प्रवासात रुंदीला चारेक मिलिमीटर कमी होऊ शकतं. मुंबई-कोकणात बसून केलेलं भांडं चंद्रपूरच्या उन्हाळ्यात का फुटतं, याचं उत्तर या चार मिलिमीटरमध्ये आहे. आणि ते कूलरच्या खोलीत असेल तर आणखी गंमत. दिवसभर पावसाळा, वीज गेली की वैशाख.

तर फसवणूक झाली का? मुद्दाम केलेली असावी असं मला वाटत नाही. घाई झाली.

दहावा हिस्सा

या सगळ्यावर जगभरच्या कातार्‍यांनी काढलेला उपाय एकच आहे. भांडं दोनदा कातायचं.

पहिल्यांदा ओल्या लाकडाचं जाडजूड भांडं काढायचं, भिंतीची जाडी भांड्याच्या रुंदीच्या दहाव्या हिश्श्याएवढी ठेवायची. वीस सेंटिमीटरच्या वाडग्याला दोन सेंटिमीटर भिंत, तळही तेवढाच. मग वाळवायचं. वाळताना गोल वाडगं लंबगोल होतं, आणि हे होऊ द्यायचं असतं. पूर्ण कोरडं नाही पण बारा टक्क्यांपर्यंत सागवान आलं तर वर्तुळाच्या दिशेने साडेतीन टक्के, म्हणजे वीस सेंटिमीटरमागे सात मिलिमीटर आकसतं. दोन सेंटिमीटरच्या भिंतीतून ही वाकडेपणाची सात मिलिमीटर सोलून काढली तरी चांगलं भांडं उरतं. भिंत आधीच एक सेंटिमीटर केली असती तर एका बाजूला ती कागद झाली असती. दहाव्या हिश्श्याचा नियम म्हणजे एवढाच हिशेब.

वाळवणं हे कंटाळवाणं काम आहे आणि सगळं त्यावरच आहे. नळ्यांची तोंडं असलेल्या बाजूंना मेण किंवा उरलेला ऑइलपेंट फासतो, म्हणजे पाणी सगळीकडून सारख्या चालीने निघेल. मग भांडं त्याच्याच ढलप्यांत पुरून गोणपाटात बांधतो. टिनाच्या छपराखाली कधीच नाही, तिथे मे महिन्यात पापड वाळतात तसं भांडं वाळतं. मातीच्या भिंतीच्या खोलीत, खाली, जिथे आई कांदे ठेवते तिथे. तळावर पेन्सिलीने तारीख आणि वजन लिहायचं. दर रविवारी किराणा दुकानाच्या काट्यावर वजन. माझ्यासमोर आता शिवणीच्या लाकडाचं एक वाडगं आहे, त्यावर 1340, 1265, 1190 असे आकडे उतरत गेलेत आणि शेवटचे तीन 905, 902, 902. काटा हलायचा थांबला म्हणजे लाकूड हवेशी बोलणी संपवून बसलं. याला आमच्याकडे पाच-सहा महिने लागतात.

काही जण ओलं भांडं तासभर पाण्यात उकळून मग वाळवतात, हळद उकळून वाळवावी तसं. वाळणं त्याने सोपं जातं, आतला ताण थोडा सैल होतो. मी बाभळीसाठी करतो. घरच्या गंजात, म्हणजे पातेल्यात, केलं तर मात्र घरचे बोलतात. अनुभव आहे.

अरुंद तोंडातून आतलं काढायचं कसं

पसरट वाडगं आतून कोरताना डोळ्यांना सगळं दिसतं. गडूचं तसं नसतं. तोंड दोन बोटांचं, पोट वीतभर आणि आत अंधार. रीलमध्ये ही जागा नेहमी पटकन जाते.

आधी मधोमध एक सरळ भोक पाडायचं, हव्या त्या खोलीपर्यंत. हे भोकच सांगतं की तळ कुठे थांबायचा. ड्रिलच्या पात्याला खोलीवर चिकटपट्टी गुंडाळून ठेवली की पुढे अंदाज लावावा लागत नाही. मग लांब दांड्याचं, टोकाला छोटं पातं असलेलं आणि पुढे वाकवलेलं हत्यार तोंडातून आत घालायचं आणि भोकाच्या कडेपासून पोट रुंद करत जायचं.

इथे पहारेचा नियम लागतो. पहारेने दगड उचलताना टेकू दगडाजवळ ठेवतो, कारण पुढचा भाग छोटा आणि मागचा लांब असेल तरच जोर आपल्या बाजूला राहतो. लेथवर लाकूड आपल्याशी तीच कुस्ती खेळतं. पातं टेकूच्या पुढे पंधरा सेंटिमीटर गेलं असेल तर मागे दांडा साठ सेंटिमीटर तरी हवा. आखूड दांडा घेऊन खोल पोटात शिरणारा माणूस मनगट दुखवून घेतो किंवा भांडं गमावतो, बहुतेक दोन्ही.

आणि आतला कीस सारखा काढत राहायचा. मशीन बंद करायची, भांडं तिरपं करून झटकायचं. कीस गच्च भरला तर पात्याला जागा उरत नाही आणि ते अडकतं. नवीन माणूस हेच विसरतो, मशीन बंद करायचा कंटाळा करतो.

भिंत किती उरली ते कळतं तीन गोष्टींनी. बोटाने टिचकी मारून, टरबूज बघतो तसं. आवाज जाड असेल तर लाकूड जाड. दुसरं, वाकवलेल्या तारेचा मापक. तिसरी युक्ती मला सगळ्यात आवडते. लाकूड ओलं आणि फिकट असेल तर आत छोटा बल्ब सोडायचा. भिंत दोन-तीन मिलिमीटरवर आली की लाकूड कंदिलाच्या काचेसारखं नारिंगी उजळतं. जिथे अंधार तिथे अजून काढायचं.

एक शिस्त मात्र सोडायची नाही. वरून खाली, टप्प्याटप्प्याने. तोंडाजवळचे दोन बोटं पूर्ण संपवायचे, मग त्याखालचे दोन. खालचं कोरल्यावर पुन्हा वर फिरकायचं नाही. पातळ झालेली भिंत तोपर्यंत हललेली असते, थरथरते, आणि पातं तिला लागलं की फाटते.

नांगर रुततो तशी पटाशी रुतते

चुकांकडे येऊ. पहिली आणि सगळ्यात घाबरवणारी चूक म्हणजे पटाशी रुतणं. फाटकन आवाज होतो, हाताला झटका बसतो, भांड्यावर मळसूत्रासारखी खोल खाच, आणि कधी कधी भांडं चकमधून निघून भिंतीवर.

नांगर धरलेल्या माणसाला हे समजावायला लागत नाही. रुमणं, म्हणजे नांगराची मूठ, वर उचललं की फाळ खोल घुसतो आणि बैल जागच्या जागी थांबतात. पटाशीच्या धारेमागे उताराचा एक भाग असतो, तिला धारेची पाठ म्हणू. ही पाठ लाकडाला टेकलेली असेल तोवर धार तिच्या आधारानेच कापते, रंध्याचं बूड पात्याला आवर घालतं तसं. दांडा वर उचलला, पाठ सुटली, की धार फाळासारखी आत. फरक एवढाच की मोटरला बैलाएवढी अक्कल नसते, ती थांबत नाही.

उपाय: पाठ आधी टेकवायची, मग दांडा हळूहळू उचलत कीस निघायला लागेपर्यंत थांबायचं. भांड्याच्या आत खरवडायचं पातं नेहमी मध्यरेषेच्या थोडं वर धरायचं. ओढलं गेलं तरी ते मोकळ्या जागेत खाली येतं, लाकडात घुसत नाही.

आणि रुतल्यावर काय? आधी मशीन बंद. बोटाने चाचपून भेग गेली आहे का बघा. भांडं चकमध्ये हललं असेल तर ते परत फिरवून आधी गोल करून घ्या. मग पटाशीला धार लावा आणि केसाएवढा कीस काढत खाच मिटवा. रागाच्या भरात जोर लावलेला दुसरा झटका पहिल्यापेक्षा मोठा बसतो. मी अशा वेळी बाहेर जाऊन बैलांना पाणी दाखवतो.

खडबडीत, उपटल्यासारखा पृष्ठभाग ही छोटी चूक. ती जोर लावून जात नाही, दिशा बदलून जाते. आडव्या पेंडीच्या वाडग्याला बाहेरून बुडाकडून काठाकडे आणि आतून काठाकडून तळाकडे कापायचं. उभ्या पेंडीत उलटं, बाहेरून जाड भागाकडून बारीक भागाकडे, आतून मधल्या भोकाकडून बाहेर. कारण एकच, प्रत्येक नळीच्या मागे दुसरी नळी आधाराला असली पाहिजे. तरीही उपटत असेल तर त्या जागी पाण्याचा बोळा फिरवून शेवटचा हात मारा. पॉलिश पेपर नंतर.

भोक पडलं, आता?

माझं पहिलं अरुंद तोंडाचं भांडं बेलाएवढं होतं, मोहाच्या लाकडाचं. तळाची खोली मी मोजली नव्हती, मनात धरली होती. तळ गेला. भांडं करायला घेतलं आणि नरसाळं झालं. घरी ते दोन वर्षं पंपात डिझेल टाकायला वापरलं, चांगलं चाललं.

तळ गेला तर तो परत घालता येतो, पण त्याच लाकडाची चकती घ्यायची आणि तिच्या नळ्यांची दिशा भांड्याच्या तळाशी जुळवायची. दिशा चुकली तर भांडं एका बाजूला आक्रसतं, चकती दुसऱ्या बाजूला, आणि पुढच्या उन्हाळ्यात ती सुटते. सागवानाला डिंक लावण्याआधी ती जागा ॲसिटोनने पुसून घ्या, त्याचं अंगचं तेल डिंकाला धरू देत नाही.

भिंतीला भोक पडलं तर पहिला प्रश्न विचारायचा: ते किती उंचीवर आहे? काठाजवळ असेल तर तेवढा भाग कापून भांडं बुटकं करायचं. कोणाला कळत नाही, आणि खरं सांगायचं तर माझी निम्मी बुटकी भांडी जन्माने उंच होती. मधोमध असेल तर तिथे बिब्ब्याएवढा तुकडा बसवता येतो. किंवा अशीच आणखी पाच-सहा भोकं मापात पाडून त्यात दिवा ठेवायचा. हा शेवटचा उपाय एकदाच करावा. सगळीच भांडी कंदील व्हायला लागली तर लोक ओळखतात.

चीर बुजवायची की शिवायची

केसाएवढ्या भेगेत पातळ फेविक्विक सोडलं की ते आपोआप आत ओढलं जातं. वर त्याच लाकडाची भुकटी दाबायची. आजूबाजूला आधी लाखेचा पातळ हात फिरवा, नाहीतर फेविक्विकचा काळा डाग लाकडात मुरतो आणि पॉलिश केल्यावर चिरेपेक्षा तोच दिसतो. आपल्याकडे पळसावर लाख होते. लाखेची कांडी फिरत्या लाकडावर दाबली की घर्षणाच्या उष्णतेने ती वितळून भेगेत बसते. हे कातार्‍यांचं फार जुनं तंत्र आहे, रंगीत लाकडी खेळण्यांवरचा रंगही असाच चढतो.

मोठी चीर असेल तर तिच्यावर आडवा, डमरूच्या आकाराचा तुकडा कोरून बसवतात. डमरूची दोन रुंद टोकं चिरेच्या दोन्ही काठांना धरून ठेवतात. त्याच्या नळ्या चिरेला आडव्या हव्यात, समांतर ठेवला तर डमरूच मधून तुटतो. दुसरा मार्ग शिवण्याचा. दोन्ही काठांना बारीक भोकं पाडून पितळी तारेने टाके घालायचे.

इथे एक चूक जवळजवळ सगळे करतात. चीर उन्हाळ्यात दिसते, म्हणून उन्हाळ्यातच ती दगडासारख्या कडक लेपाने भरतात. मे महिन्यात ती सगळ्यात रुंद उघडलेली असते. पावसाळा आला, लाकूड फुगलं, चीर मिटायला गेली तर मधे लेप पाचरीसारखा बसलेला. मग जोर दुसरीकडे जातो आणि चांगल्या जागी नवीन भेग पडते. ओंडका फोडताना आपण पाचर मुद्दाम ठोकतो, इथे नकळत ठोकली जाते. भरायचंच असेल तर दसऱ्यानंतर, हवा मधली असताना भरा.

एका बाबतीत दुरुस्ती नकोच. चीर आरपार गेलेलं भांडं लेथवर पुन्हा फिरवू नका. तीस सेंटिमीटरचं वाडगं मिनिटाला हजार फेऱ्यांनी फिरतं तेव्हा त्याचा काठ ताशी 56 किलोमीटरने धावत असतो. त्या वेगाने निघालेला तुकडा तोंडावर येतो, कारण आपण तोंड समोर ठेवूनच उभे असतो. तोंड झाकणारी पूर्ण काच लावा, डोळ्यांचा चष्मा पुरत नाही. आणि मशीन सुरू करताना एक पाऊल बाजूला उभे राहा. सागवान आणि शिसवाची बारीक धूळ काहींच्या अंगाला खाज आणते, छातीत जाते, तेव्हा रुमालाऐवजी चांगला मास्क.

"मग यात खायचं का?"

खायला हरकत नाही, पण भाजी ठेवायची नाही. कोरडं ठेवा, फळं ठेवा, पोहे-चिवडा ठेवा. तेल कोणतं लावलंय ते विचारा. जवसाचं घाणीचं तेल हवेत हळूहळू घट्ट होऊन पापुद्रा धरतं, म्हणून ते चालतं. एक हात लावून आठवडाभर वाळू द्यायचं, मग दुसरा. शेंगदाण्याचं तेल कधी वाळतच नाही, चिकट राहतं आणि खवट वास येतो. रंगाच्या दुकानात 'बॉईल्ड' म्हणून जवसाचं तेल मिळतं ते लवकर वाळतं, पण त्यात वाळवणारी धातूची रसायनं मिसळलेली असतात. ते दारं-खिडक्यांना ठीक, ताटाला नको. तेल लावलं की भांडं फुटत नाही हाही गैरसमज आहे. तेल पाण्याची ये-जा सावकाश करतं, थांबवत नाही.

"एवढ्याशा लाकडाचे बाराशे रुपये?" हाही प्रश्न येतो. लेथवरचं काम दोन-तीन तासांचं. पण त्या भांड्याने सहा महिने कोणाच्या तरी घरातली जागा अडवली, दहातलं एखादं वाळतानाच गेलं, त्याचे पैसे उरलेल्या नवांत आले. मावशींच्या वाडग्याचे बाराशे मला म्हणून जास्त वाटले, कारण ते सहा महिने त्याला मिळालेच नव्हते.

आणि "झाडं तोडता का?" बहुतेक खरादी आरामशीनवर नाकारलेलं लाकूड घेतात. फांद्यांचे जोड, वाकडं खोड, बांधावरची वाऱ्याने पडलेली बाभूळ. गाठीच्या लाकडातच भांड्याची नक्षी सुंदर उतरते, पलंगाला ते नको असतं. सागवान मात्र स्वतःच्या शेतातलं असलं तरी तोडायला परवानगी आणि हलवायला वन विभागाचा वाहतूक परवाना, आपण टीपी म्हणतो तो, लागतो. ओंडका ट्रॉलीत टाकण्याआधी तो खिशात असू द्या.

मावशींना मी त्या दिवशी वाडगं तसंच ठेवायला सांगितलं. त्या नाराज होऊन गेल्या, त्यांना वाटलं मी टाळतोय. दसरा झाल्यावर त्याच घेऊन आल्या. चीर अर्धी मिटली होती. तळ उलटा धरून पटाशीने हातानेच थोडा पातळ केला आणि पितळी तारेचे पाच टाके घातले, लेप भरला नाही. तार ओढताना मावशी समोर बसून होत्या, "गोधडीचा टाका असा नाही घालत" म्हणाल्या आणि शेवटचे दोन त्यांनीच घातले. ते दोन जास्त सरळ आहेत. आता त्यात लसूण असतो. या मे महिन्यात चीर पुन्हा उघडली, पण नखाएवढी नाही, सुतळीच्या एका धाग्याएवढी.